चौकटीतला कोरा कागद

रविवारी सकाळी रत्नदीप पुण्याच्या गाडीतून वर्ध्याला उतरला, ऑटोने सिंदी मेघेला घरी आला आणि चपला काढता काढता एका पायावरच थांबला. समोरच्या भिंतीवर मुख्यमंत्र्यांच्या फोटोची चौकट होती. काच लख्ख पुसलेली होती. आत फोटो मात्र नव्हता. नुसता कोरा, पांढरा कागद होता.

तो "जय भीम, बाबा," म्हणाला, बॅग पलंगाखाली सरकवली आणि चहा प्यायला बसला. चहा पिताना त्याने तीनदा त्या कागदाकडे पाहिलं. त्याच्या वडिलांनी, प्रेमदासजींनी, ते तिन्ही वेळा पाहिलं.

चौकट कोरी का, हे त्यांना एका वाक्यात सांगता आलं असतं. पण हल्ली त्यांच्या प्रत्येक वाक्याची तपासणी व्हायची. काही समजावून सांगायला गेलं की पोरगा मान हलवत ऐकायचा, लहान लेकराचं ऐकतात तसं. आणि आपण खुळे झालो नाही हे ज्याला पटवून द्यायचं असतं, तो माणूस तोंड उघडलं की आणखीच खुळा दिसतो. म्हणून ते गप्प बसले. तिथेच चुकले.

सोमवारचा दिवस ठरलेला होता. सेवाग्रामच्या दवाखान्यात विसराळूपणा तपासणाऱ्या डॉक्टरांकडे नंबर लावला होता. रत्नदीपने फोनवरच अट घातली होती. डॉक्टर म्हणाले डोकं ठीक आहे, तर तो पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही. नाही म्हणाले, तर घराला कुलूप लावून वडिलांनी त्याच्यासोबत निघायचं.

"लेखी देतं का?" प्रेमदासजींनी विचारलं होतं.

"तोंडी देतो ना, बाबा."

"तोंडी आदेशाचं काई खरं नसते."

गमतीने बोलले होते, पण अट मान्य केली होती. कारण पोरगा उगाच आला नव्हता. ऑक्टोबरात ते दूध गॅसवर ठेवून पेपर आणायला गेले आणि चौकात निवडणुकीच्या गप्पांत अडकले. शेजारच्या अनुसयाबाईंनी धूर पाहिला, आत शिरून गॅस बंद केला. भांड्याचा कोळसा झाला होता. हे कुणाच्याही हातून होतं. पण पंधरा दिवसांनी जे झालं ते तसं नव्हतं. सकाळी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून ते निघाले, एसटीने सेलूला गेले आणि साडेदहाच्या ठोक्याला आपल्या जुन्या कचेरीच्या दारातल्या बाकावर जाऊन बसले. तिथून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती. हल्लीचा शिपाई सचिन याने त्यांना ओळखलं, चहा पाजला आणि परतीच्या गाडीत बसवून दिलं. "सहज भेटाले आलतो," असं त्यांनी त्याला सांगितलं. सचिननेही मान डोलावली, पण संध्याकाळी रत्नदीपला फोन केलाच.

आपण खरंच सहज गेलो होतो की कामावर गेलो होतो, हे प्रेमदासजींना स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं. त्यांना त्याची भीती वाटत होती आणि ही भीती त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

पुणं वाईट होतं अशातला भाग नाही. सून चांगली होती, नातवंडं गोड होती. पण हे दोन खोल्यांचं घर त्यांच्या बायकोने, धुरपताने उभं केलं होतं. एकेक खोली करून, डोक्यावर विटा वाहून. परसातला पेरू तिने लावलेला. एकवीस सालच्या एप्रिलात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ती दवाखान्यात गेली ती घरी परत आलीच नाही. त्यांना तिचं तोंडसुद्धा धड पाहायला मिळालं नाही. ज्या घरातून तिची अंत्ययात्रा निघालीच नाही, त्या घराला कुलूप लावायचं म्हणजे तिला आत कोंडून निघून जायचं, असं त्यांना वाटायचं. हे पोराला सांगण्यासारखं नव्हतं.

आता त्या चौकटीचं सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्यालाही रत्नदीपसारखंच वाटायचं.

प्रेमदासजी पंचाहत्तर सालच्या जानेवारीत सेलूच्या एका सरकारी कचेरीत शिपाई म्हणून लागले. तेव्हा भिंतीवर मुख्यमंत्री म्हणून पुसदचे साहेब होते. महिनाभरातच ते गेले आणि नांदेडचे आले. साहेबांच्या खोलीतला फोटो बदलायचं काम नव्या शिपायाकडे आलं ते सदतीस वर्षं त्याच्याकडेच राहिलं. एकूण अठरा वेळा त्यांनी राज्याचा कारभारी बदलला, आणि तोही स्टुलावर चढून, स्वतःच्या हाताने. मुंबईत कुणालाही इतकं जमलं नसेल. कुठल्याही मुख्यमंत्र्यांचं नाव ते घेत नसत. शिपायाने साहेबाचं नाव घेऊ नये, असं पहिल्याच दिवशी कुणीतरी दटावलं होतं, ते त्यांनी जन्मभर पाळलं. सांगलीचे, बारामतीचे, निलंग्याचे, लातूरचे अशी त्यांची गावावरून ओळख.

ऐंशीच्या फेब्रुवारीत सरकार बरखास्त झालं आणि राष्ट्रपती राजवट लागली. प्रेमदासजींनी जुना फोटो तसाच ठेवला. नवा कोणी आला नाही तर जुना काढायचा कशाला? चार दिवसांनी वरचे साहेब तपासणीला आले आणि भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "या गृहस्थांचं राज्य सेलूत अजून चालू आहे वाटतं?" शिपायाला कोण विचारतो, मेमो मिळाला हेडक्लार्कला. हेडक्लार्क होते प्रभाकरराव. कचेरीत बाकी सगळे "ए प्रेमदास" म्हणून हाक मारायचे, हे एकटे "प्रेमदासजी" म्हणायचे. मेमो खाऊनही ते ओरडले नाहीत. त्यांनी टेबलावरचा एक कोरा फुलस्केप उचलून दिला.

"प्रेमदासजी, आपण नियम करून टाकू," ते म्हणाले. "शपथेच्या आधी फोटो नाही. राजीनाम्यानंतर फोटो नाही. मधल्या वेळात हा कोरा कागद. भिंतीने खोटं बोलायचं नाही."

दुसरा नियम त्र्याऐंशी साली झाला. सांगलीचे गेले म्हणून त्यांचा फोटो रद्दीत दिला होता, आणि ते तर परत आले! वर्ध्याला पत्र पाठवून दुसरा फोटो मागवेपर्यंत महिना गेला. तेव्हापासून गेलेला फोटो काढायचा नाही असं ठरलं. त्याच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख लिहायची, तो मागे सरकवायचा आणि नवा पुढे लावायचा. सगळे मुख्यमंत्री एका चौकटीत एकामागे एक राहायला लागले. चौकट फुगली, मागची फळी बसेना, मोठे खिळे मारले, शेवटी सुतळी गुंडाळली. आजन्म एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं तिथे एकमेकांच्या पाठीला पाठ लावून गुण्यागोविंदाने नांदत होती.

बारा साली प्रेमदासजी निवृत्त झाले, त्याच महिन्यात कचेरीत नव्या चौकटी आल्या. जुनी अडगळीत जाणार होती, ती ते साहेबांना विचारून घरी घेऊन आले. धुरपताने कपाळाला हात लावला.

"दोन खोल्यायचं घर, आन हे सरकार कुठं ठेवता आता?"

बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो एका भिंतीवर होते. तिथे काही बदलत नसे, त्या भिंतीला कधी स्टूल लागलं नव्हतं. चौकट समोरच्या भिंतीवर गेली. नवे फोटो आता पेपरातून कापून घ्यायचे, नियम मात्र तेच. स्टुलाचा एक पाय आखूड होता. प्रेमदासजी वर चढले की धुरपता खाली दांडीवर पाय देऊन दोन्ही हातांनी ते घट्ट धरायची आणि तोंडाने त्यांचा उद्धार करायची.

एकोणीसच्या नोव्हेंबरात तर तिला उसंतच मिळाली नाही. आधी राष्ट्रपती राजवट, म्हणून कोरा कागद. शनिवारी सकाळी चहा उकळतोय तोवर टीव्हीवर शपथ झालेली दिसली, म्हणून नागपूरचे पुढे. मंगळवारी त्यांचा राजीनामा, पुन्हा कोरा कागद. गुरुवारी संध्याकाळी मुंबईचे.

"अवो, थे ठरवतपर्यंत चौकट खालीच राहू द्या ना," ती म्हणाली होती. "त्यायची खुर्ची हालते, आन हात माये दुखते!"

ते हसता हसता स्टुलावरून पडायचेच. ते हसणं त्यांच्या कानात अजून ताजं होतं.

आणि आता चोवीस साल. तेवीस नोव्हेंबरला, शनिवारी, निकाल लागला. सव्वीसला, मंगळवारी, ठाण्याच्या साहेबांनी राजीनामा दिला. नवीन कोण, ते ठरत नव्हतं. रोज पेपरात नवे अंदाज येत होते. प्रेमदासजींनी मंगळवारीच ठाण्याचे मागे सरकवले, कोरा कागद पुढे लावला आणि कागदाच्या पाठीवर तारीख टाकली. रत्नदीपने पाहिला तो हा कागद.

सोमवारी दवाखान्यात दोन तास थांबावं लागलं. बाकावर बसून प्रेमदासजी मनातल्या मनात वार, महिना, साल घोकत होते. शेजारी रत्नदीप मोबाइलमध्ये बघत होता, पण त्याचंही लक्ष त्यात नव्हतं. एकदा त्याने वडिलांची कॉलर सारखी केली.

आत डॉक्टर आकांक्षा होत्या. वय तिशीच्या आतबाहेर, आवाज मऊ. "आजोबा, मी तीन शब्द सांगते, ते लक्षात ठेवायचे. थोड्या वेळाने पुन्हा विचारीन. कंदील, खुर्ची, पेरू."

"कंदील, खुर्ची, पेरू," ते म्हणाले.

मग प्रश्न सुरू झाले. आज वार कोणता? सोमवार. महिना? डिसेंबर, दोन तारीख. जिल्हा? वर्धा. शंभरातून सात वजा करत चला. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. शिपायाचा हिशोब कच्चा नव्हता. डॉक्टर भराभर खुणा करत होत्या. रत्नदीपच्या खांद्यांतला ताण सैल होताना प्रेमदासजींनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिला.

"छान. आता सांगा, आपल्या राज्याचे मुख्यमंत्री कोण आहेत?"

प्रेमदासजी ताठ झाले. हा तर त्यांच्या घरचा प्रश्न.

"सध्या कोणीच नाई, मॅडम," ते म्हणाले.

डॉक्टरांचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं.

"कोणीच नाही? नीट आठवून सांगा हं, आजोबा. घाई नाही."

"कोणीच नाई. कोरा कागद हाय."

रत्नदीपने डोळे मिटून घेतले. मग दबक्या आवाजात, वडील तिथे नसल्यासारखा, तो डॉक्टरांना म्हणाला, "घरी भिंतीवर मुख्यमंत्र्यांच्या फोटोच्या जागी कोरा कागद लावून ठेवलाय, मॅडम. काल आलो तेव्हा पाहिलं. मला तेव्हाच कळलं."

"काय कळलं तुले?" प्रेमदासजींचा आवाज चढला. "शनिवारी निकाल लागला, मंगळवारी राजीनामा झाला. शपथ कोणाचीच नाई झाली. मंग फोटो कोणाचा लावू?"

"बाबा, शनिवार-मंगळवार ते एकोणीस सालचं. पाच वर्षं झाली त्याला. आई होती तेव्हा. तुम्ही दोन्ही एकत्र करून राहिले."

आणि इथे प्रेमदासजी गडबडले. कारण तेही खरंच होतं. तेव्हाही शनिवार होता, तेव्हाही मंगळवार होता, तारखासुद्धा त्याच होत्या, तेवीस आणि सव्वीस. मग त्यांच्या डोक्यात होता तो मंगळवार कोणता? आठवून बघू लागले. ते स्टुलावर चढले होते. हातात कोरा कागद होता. खाली धुरपता होती. दांडीवर तिचा पाय होता, मनगटात हिरव्या बांगड्या होत्या, आणि ती म्हणत होती, सांभाळा.

पण धुरपताला जाऊन साडेतीन वर्षं झाली होती.

म्हणजे पोरगा म्हणतो ते बरोबर. मंगळवार जुना, राजीनामा जुना, आपण मागल्याच कागदावर अडकलो. डॉक्टरांनी पेन उचललं. आता त्या फुली मारणार आणि त्या एका फुलीने घराला कुलूप लागणार, हे त्यांना दिसत होतं.

तेवढ्यात त्यांना पेन्सिल आठवली.

"मॅडम, त्या कागदाच्या पाठीवर तारीख हाय," ते घाईघाईने म्हणाले. "माया हातची. सव्वीस अकरा चोवीस. आन त्याच्या मांगं ठाण्याचे हायेत. एकोणीस सालच्या कागदामांगं ठाण्याचे कसे असतीन? तवा त्यायचा नंबरच नोता लागला. ठाण्याच्या साहेबायच्या मांगं मुंबईचे, त्यायच्या मांगं कोरा कागद, मंग नागपूरचे, मंग पुन्हा कोरा कागद, त्याच्या मांगं कराडचे, नांदेडचे धाकले, लातूरचे, सोलापूरचे…"

ते बोलत गेले. पाढे म्हणावेत तसे एकामागून एक मुख्यमंत्री उलट्या क्रमाने चौकटीतून बाहेर येत होते, आणि चौकट संपल्यावर नुसत्या आठवणीतून, पार पुसदपर्यंत. डॉक्टर आकांक्षांनी हात वर करून त्यांना थांबवलं नाही. त्या मोबाइल काढून काहीतरी शोधत होत्या. मग त्यांनी वर पाहिलं आणि एकदम हसल्या.

"आजोबांचं बरोबर आहे. गेल्या मंगळवारीच राजीनामा झालाय. काळजीवाहू म्हणून तेच काम बघतायत, पण नवीन शपथ झालेली नाही."

"काळजीवाहूचा फोटो नसते लावत, मॅडम. नियम हाय."

"माझ्या या कागदात असं उत्तर बसतच नाही," त्या म्हणाल्या, आणि ठळक अशी बरोबरची खूण केली. "तुम्हीच काय ते खरं बोललात. आम्ही दोघं नुसतं ठोकून देत होतो."

रत्नदीप खाली बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"पण या वयात स्टुलावर चढता?" डॉक्टरांनी सहज विचारलं. "एकटेच होतात का त्या दिवशी?"

"नाई जी, धुर…" एवढं बोलून ते थांबले. "हो," ते म्हणाले. "एकटाच होतो."

ऐंशी सालापासून त्यांनी भिंतीला कधी खोटं बोलू दिलं नव्हतं, आणि आज स्वतः बोलून मोकळे झाले.

शेवटी डॉक्टरांनी ते तीन शब्द विचारले. प्रेमदासजींना खुर्ची लगेच आठवली. पेरू आठवला, तो परसात होता म्हणून. तिसरा काही केल्या आठवला नाही. डॉक्टर म्हणाल्या, हरकत नाही, वयाच्या मानाने पुष्कळ चांगलं आहे. गॅसवर लक्ष ठेवा, शेजाऱ्यांना सांगून ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. एकटे राहू शकता.

परतताना ऑटोत रत्नदीपने वडिलांचा हात हातात घेतला. "चुकलं माझं, बाबा. तुम्ही राहा इथंच. मी शनिवारपर्यंत आहे, मग जातो." प्रेमदासजींनी मान हलवली. ते जिंकले होते. जिंकलेल्या माणसाला जेवण गोड लागायला हवं, पण त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकर ताटात तशीच ठेवली.

मंगळवार गेला, बुधवार गेला. रत्नदीपने नळाची तोटी बदलली, अनुसयाबाईंकडे जादा किल्ली दिली, गॅसवर मोठ्या अक्षरांत 'बंद केला का?' अशी चिठ्ठी चिकटवली. पोरगा आनंदात होता. प्रेमदासजी मात्र येता-जाता स्टुलाकडे बघत होते. एकदा ते त्याच्याजवळ बसून दांडीवरून हात फिरवताना दिसले, तर रत्नदीपला वाटलं, बाबा आखूड पायाचं माप घेऊन राहिले.

गुरुवारी संध्याकाळी मुंबईत शपथविधी झाला. दोघांनी तो टीव्हीवर पाहिला. नागपूरचे परत आले होते. नवा फोटो कापायची गरज नव्हती, ते चौकटीत होतेच. प्रेमदासजींनी चौकट खाली घेतली, सुतळी सोडली, गठ्ठ्यातून त्यांना शोधून पुढे आणलं, पाठीवर नवी तारीख लिहिली आणि फळी पुन्हा आवळून बांधली. हात जराही चुकले नाहीत. रत्नदीप कौतुकाने बघत होता. एवढ्या वर्षांत त्याने हे काम कधी जवळून पाहिलंच नव्हतं.

मग ते चौकट घेऊन स्टुलावर चढले. स्टूल डगमगलं. मागे न पाहता, खिळ्याकडे नजर लावून, रोजचं बोलावं तसे ते बोलले, "धुरपता, नीट धरजो वो."

रत्नदीपच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग तो पुढे झाला, दांडीवर पाय ठेवला, दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. पुण्यात पंधरा वर्षं राहून सुटत चाललेली बोली आपोआप तोंडात आली.

"धरलं हाय, बाबा."

वर प्रेमदासजींचे हात थांबले. पुरुषाचा आवाज. त्यांनी हळूच खाली पाहिलं. पोराचा चेहरा पाहिला, त्यात भरून आलेले डोळे पाहिले. मग त्यांनी चौकट खिळ्याला अडकवली, सरळ आहे ना बघितलं आणि पोराच्या खांद्याचा आधार घेऊन खाली उतरले. पलंगावर बसले.

"दवाखान्यात मी खोटं बोललो," ते म्हणाले.

"बाबा, राहू द्या."

"नाई, आयक. मॅडमनं इचारलं एकटा होतो का, मी हो म्हनलं. पन त्या मंगळवारी बी थे होती. मले दिसली. आता तू उभा होता ना, त्याच जागी." त्यांनी स्टुलाकडे बोट दाखवलं. "मुंबईतलं सारं मले बरोबर ठाऊक हाय. घरातलंच ठाऊक नाई. सेलूले गेलतो ना, थेबी कामावरच गेलतो. डबा घेऊन."

रत्नदीप त्यांच्या पायाशी बसला. "डॉक्टरांनी ठीक म्हटलंय. मी शब्द दिलाय तुम्हाला. कोणी नेत नाही तुम्हाला इथून."

"तू देल्ला शब्द. पन जे नाई, थे हाय म्हनून मी कसा लटकवून ठेवू?"

एवढं बोलून ते ओक्साबोक्शी रडले. धुरपता गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते. तेव्हा रडायला समोर कुणी नव्हतं. रत्नदीप त्यांची पाठ चोळत राहिला, आणि रडून झाल्यावर बापलेकांनी सकाळची भाकर कुस्करून दुधात खाल्ली. पुण्याचं नाव कुणी काढलं नाही. काढायची गरज उरली नव्हती.

शुक्रवारी सहा डिसेंबर होता. दोघं विहारात अभिवादन करून आले. येताना प्रेमदासजींनी ओळखीच्या चारपाच जणांना सांगितलं, पोराकडे चाललो. कधी परत येणार, असं विचारलं तर म्हणाले, मालूम नाई.

शनिवारी सकाळी बॅगा दारात आल्या. बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो त्यांनी धोतराच्या कापडात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत घेतले, धुरपताचा लहान फोटो शर्टाच्या खिशात ठेवला. अनुसयाबाई निरोप द्यायला आणि पेरूला पाणी घालायचं कबूल करायला आल्या होत्या. ऑटोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला.

"थांब जरासा," म्हणत प्रेमदासजी परत आत गेले आणि स्टूल ओढून भिंतीजवळ आणलं. रत्नदीपने काही न विचारता दांडीवर पाय दिला. त्यांनी चौकट काढली, तिथेच बसून सुतळी सोडली, नागपूरचे मागे सरकवले आणि कोरा कागद पुढे घेतला. पाठीवरची जुनी तारीख खोडून त्यांनी आजची घातली.

"बाबा, आता तर सरकार आलं ना," रत्नदीप हळू आवाजात म्हणाला. "शपथ तुम्हीच पाहिली."

"मुंबईत आलं," प्रेमदासजी म्हणाले. "या घरात कोण हाय आता?"

ते स्टुलावर चढले. रत्नदीपने दोन्ही हातांनी स्टूल धरलं. त्यांनी चौकट खिळ्याला लावली, शर्टाच्या बाहीने काच पुसली, आणि खाली उतरून स्वतःच्या हाताने दाराला कुलूप घातलं.